पॉलिसी पाळली, प्रोसिजर मोडली

प्रश्न : मी खासगी कंपनीत लेखा विभागात होतो. प्रवासखर्चाची खोटी बिलं मंजूर केल्याचा ठपका ठेवून मला काढलं. हँडबुकातली पॉलिसी म्हणते, 'बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही बडतर्फ केलं जाणार नाही.' प्रोसिजरप्रमाणे खुलाशाला सात दिवस आणि कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या, आदेश विभागप्रमुखाच्या मंजुरीने काढायचा. मला चार दिवस मिळाले, बिलं फक्त लॅपटॉपवर दाखवली, आदेशावर एकट्या एचआर मॅनेजरची सही आहे. एचआर म्हणतं, 'पॉलिसी पाळली. प्रोसिजर आमच्या सोयीसाठी असते.' हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धंच. पॉलिसीत कंपनी शब्द देते. तो कुणी, कधी, कोणत्या क्रमाने पाळायचा हे प्रोसिजरमध्ये असतं. त्यामुळे प्रोसिजरमधली प्रत्येक चूक बडतर्फी रद्द करायला पुरत नाही, पण प्रोसिजर गुंडाळून ठेवली तर पॉलिसीतला शब्दही पोकळ होतो.

स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध एस. के. शर्मा या 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच मुद्दा होता. साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती द्यायचा नियम होता. त्या दिल्या नव्हत्या, पण अधिकाऱ्याला जबाब वाचून टिपणं काढू दिली होती. त्याच्या बचावाला बाधा आली नाही म्हणून शिक्षा कायम राहिली. ती बँक सरकारी होती आणि तिचे सेवानियम होते, तुमची कंपनी खासगी आहे. तरी तुमच्या प्रकरणातही 'बाधा काय आली?' हा प्रश्न येणारच.

चार दिवसांचा मुद्दा मला लंगडा वाटतो. तुम्ही वेळ वाढवून मागितला नसेल, तर त्यावर फार भर देऊ नका. प्रतींचं तसं नाही. कुठल्या बिलावर तुमची सही होती, कुठलं वरिष्ठांनी आधीच मंजूर केलं होतं, हे पडद्यावर सरकणाऱ्या पानांवरून कसं सांगणार? तुम्हाला टिपणं काढू दिली होती का, हे नक्की आठवा. मंजुरीचा मुद्दाही वजनदार आहे, कारण तो अधिकाराचा आहे; मात्र विभागप्रमुखाची मंजुरी फाइलमध्ये निघाली तर त्यातली हवा जाईल.

आता नेमणूकपत्र काढा. 'कंपनीचे नियम लागू राहतील' असं त्यात असेल, तर ते नियम कंपनीलाही बांधतात असा युक्तिवाद करता येतो. हँडबुकात 'हा करार नाही' अशी ओळ असेल, तर एचआर आधी तेच पान पुढे करेल.

तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' आहात का, हेही ठरवावं लागेल. तिथे पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम मोलाचं. नोंदी, हिशेब, तपासणी हेच मुख्य काम असेल तर कामगार कायद्याखालची वाट मोकळी होऊ शकते आणि पुन्हा कामावर घेण्याची मागणी करता येते. हाताखाली माणसं असतील, रजा मंजूर करत असाल, तर बहुधा दिवाणी दावा आणि नुकसानभरपाई. अनेकदा ही भरपाई नोटीस काळाच्या पगारापलीकडे फारशी जात नाही. मुदती वेगवेगळ्या आहेत, म्हणून लवकर हला.

आधी कंपनीला ईमेल पाठवा : बिलांच्या प्रती, चौकशी अहवाल, विभागप्रमुखाची मंजुरी आणि आदेशाच्या तारखेला लागू असलेलं हँडबुक मागा. भाषा थंड ठेवा, आरोप नको. नकार आला तर तोही जपून ठेवा.