वहीतला आकडा आणि त्याची अट
(वाचकांचे प्रश्न : दुचाकी आणि देखभाल)

प्रश्न : सर, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातल्या एका गावची दूध घालणारी आणि रोज लातूरला जाऊन-येऊन नोकरी करणारी मंडळी. गावात गॅरेज नाही, त्यामुळं गाडीची बारीकसारीक कामं आम्हीच करतो. सगळ्यांनी मिळून एक वही केली होती : ऑइल किती टाकायचं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) किती ठेवायचं, चाकात हवा किती भरायची. तिच्या झेरॉक्स आजूबाजूच्या गावांतही गेल्या. आता त्यात चुका निघायला लागल्यात. मागच्या चाकाच्या हवेवरून तर दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. एक म्हणतो २८, दुसरा म्हणतो ४०. वही बंद करावी का? आणि दुरुस्त करायची तर कुणाचं खरं धरायचं?
– डेअरीवरची मंडळी, ता. औसा

उत्तर : वही बंद करू नका. चुका निघायला लागल्या याचा अर्थ लोक ती वाचतायत आणि वापरतायत.

आधी त्या दोघांना समोरासमोर बसवा, कारण दोघांचंही खरं असणार. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एकटा माणूस असेल तर मागच्या चाकात २८ पीएसआयच्या आसपास आणि डबलसीट असेल तर चाळिशीच्या घरात हवा सांगितलेली असते. ज्यानं वहीत उतरवलं त्यानं आकडा घेतला, ‘डबलसीट’ हा शब्द मागं राहिला. तुमच्यातला जो दोन्ही बाजूंनी दुधाचे भरलेले कॅन बांधून निघतो, तो एकटा बसला तरी गाडीच्या लेखी डबलसीटच आहे. हेही वहीत लिहा, कारण कंपनीच्या पुस्तकात दुधाचे कॅन नसतात.

अशा वह्यांमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. आकडा खरा असतो, त्याची अट गळालेली असते. ऑइलचंच बघा. गाडीच्या पुस्तकात बहुधा दोन मापं दिलेली असतात : एक नेहमी ऑइल बदलताना टाकायचं, दुसरं इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर टाकायचं. ड्रेन बोल्ट (ऑइल सोडायचा बोल्ट) काढून कितीही वेळ वाट बघितली तरी थोडं ऑइल आत राहतंच, म्हणून पहिलं माप शे-दोनशे मिलीनं कमी असतं. वहीत मोठं माप उतरलं की सगळं गाव दर वेळी जास्त ऑइल भरतं. ज्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल मावतं तिथं शे-दोनशे मिली ही थोडीथोडकी गोष्ट नाही. जास्तीचं ऑइल इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि लोक पिस्टन-रिंग गेली म्हणून खर्चात पडतात.

ऑइल मोजायच्या काडीचंही तसंच. काही गाड्यांना काडी नुसती भोकावर टेकवून मोजायची असते, आटे फिरवायचे नसतात. काहींना पूर्ण आवळून मोजायची असते, तर काहींना काडीच नसते, बाजूला काच असते. ‘काडी बघा’ एवढं लिहून भागत नाही.

आता टॅपेट. हा मुद्दा आपल्या भागासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की टॅपेट थंड इंजिनावर, ३५ अंशांच्या खाली सेट करावं. वहीत ते ‘थंड इंजिन’ एवढंच उतरतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीला सकाळपासून कुणी किकही मारलेली नसली, तरी दुपारी तिचं इंजिन पस्तिशीच्या वरच असतं. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे, दूध घालायला निघायच्या आधी करायचं. फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती आत सरकवताना ती किंचित अडखळत गेली पाहिजे. सैल पडली किंवा दाबून घालावी लागली तर माप चुकलं. आणि वहीत कुणी ‘आवाज बंद होईपर्यंत आवळा’ असं लिहिलं असेल तर ती ओळ आजच्या आज खोडा. ढिलं टॅपेट आवाज करतं, घट्ट टॅपेट गप्प असतं, पण घट्ट असलं की व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कॉम्प्रेशन जातं, पुढं व्हॉल्व्ह जळतो. आवाजापेक्षा ते गप्प राहणं महाग पडतं.

बोल्ट किती आवळायचा हे लिहिलं असेल तर मापाचं नावही लिहा. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. नुसतं ‘२५’ लिहून कुणी भलत्या मापाचा पाना लावला की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच. ड्रेन बोल्टचे आटे गेल्यावर इंजिन खराद्याकडं नेण्याची वेळ येते.

मग दुरुस्ती कशी करायची? प्रत्येक ओळीपुढं गाडीचं नाव, तिचं साल, अट, आणि ही माहिती आली कुठून ते लिहा : पुस्तकातून, मिस्त्रीकडून, का स्वतः मोजून. सालाला फार महत्त्व आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरच (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) नाही. ‘रेस कमी-जास्त होत असेल तर हवेचा स्क्रू फिरवा’ हा सल्ला त्यांना लागू होत नाही; तो स्क्रू शोधण्यात माणूस भलतंच काहीतरी खोलून बसतो.

चुकीची ओळ गिचमिड करून खोडू नका. एक सरळ रेघ मारा, खाली बरोबर ते लिहा, तारीख घाला. ज्याच्या घरी जुनी झेरॉक्स आहे त्याला नेमकं काय बदललं ते कळलं पाहिजे. पहिल्या पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख ठेवा आणि ज्या गावांत झेरॉक्स गेल्यात तिथं नुसतं बदललेलं पान पाठवा, ते पोचतं.

कुणाचं खरं धरायचं, या प्रश्नाचं उत्तर एक नाही. मापाच्या बाबतीत त्या गाडीच्या पुस्तकाचं खरं, वयानं मोठ्या माणसाचंही नाही. पण एअर फिल्टर किती किलोमीटरला भरतो, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर चेनची काय दशा होते, हे तुमच्या रस्त्यावर फक्त तुम्हाला कळतं. ते मोजा आणि लिहा. फक्त एकाच गाडीवरून नियम करू नका, दुसऱ्याच्या गाडीवर तोच अनुभव येऊ द्या.

प्रश्न : आमच्या वहीत एअर फिल्टर पेट्रोलनं धुवायला सांगितलंय. ते आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी सांगितलेलं, आणि नव्या गाडीच्या पुस्तकात बरोबर उलटं आहे. चाचांनी आम्हाला पोरासारखं सांभाळलंय. त्यांचं मन न दुखवता हे कसं दुरुस्त करावं?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : चाचा चुकले असं मला वाटत नाही. जुन्या गाड्यांना स्पंजचा फिल्टर असायचा. तो धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन परत बसवायची पद्धतच होती. आता बऱ्याच गाड्यांना चिकट द्रव लावलेला कागदी फिल्टर येतो. तो धुवायचा नाही, त्यावर हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. धुतला की धूळ धरून ठेवणारा थर जातो आणि बारीक माती इंजिनात उतरते. धुळीच्या रस्त्यावर तो पुस्तकातल्या अंतराच्या आधीच बदलावा लागतो.

वही घेऊन चाचांकडं जाऊ नका. जुना आणि नवा असे दोन्ही फिल्टर त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘चाचा, हा कसा करायचा?’ हाताला चिकटपणा लागला की ते स्वतःच सांगतील. मग ओळ खोडायचीही गरज नाही, पुढं ‘फक्त स्पंजचा’ एवढं जोडा. आणि त्यांना मोकळी पानं द्या. आवाजावरून बेअरिंग गेलंय का टायमिंग चेन ढिली झालीय, हे ज्यांना कळतं त्यांच्याकडून ते वेळेत लिहून घेतलं पाहिजे. मला तरी हे काम चुका काढण्याइतकंच मोलाचं वाटतं.

प्रश्न : ‘ट्रॅक्टरचं ऑइल मोटारसायकलला चालतं, नंबर एकच असतो’ असं आमच्याकडं वहीत लिहिलंय. खरं आहे का?
– सेलू

उत्तर : नंबर फक्त ऑइलचा दाटपणा सांगतो. नेहमीच्या मोटारसायकलच्या क्लचप्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजलेल्या असतात, ट्रॅक्टरचं तसं नसतं. ऑइल फार निसरडं असलं की त्या प्लेटा सरकतात. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही खूण बघायची; अशा भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ती खूण. खूण नसेल तर नंबर जुळला तरी टाकू नका, विशेषतः घर्षण कमी करणारं कारचं ऑइल. ओळ खोडा आणि कारणही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ती परत घालील. ज्यांनी आधीच टाकलंय आणि रेस वाढते पण गाडी ओढत नाही, त्यांनी क्लचप्लेटा विकत घ्यायच्या आधी योग्य ऑइल टाकून थोडे दिवस चालवून बघावं.