वाचकांचे प्रश्न : गढूळ पाण्याची बाटली सभेत दाखवून काय होतं?

प्रश्न : आमच्या प्रभागात गेला महिना-दीड महिना काविळीचे पेशंट निघतायत, आमच्या एका गल्लीतच चार-पाच घरांत आहेत. नळाला सकाळी पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं वास येतो, मग ठीक होतं. आमच्या नगरसेविका ताई पहिल्यांदाच निवडून आल्यात, त्यांनी हा विषय महापालिकेच्या सभेत काढला, गढूळ पाण्याची बाटली पण घेऊन गेल्या. प्रशासनाने सांगितलं की आमचे सगळे नमुने पिण्यायोग्य आलेत, झालं, विषय संपला. आता समोरच्या पक्षाचे लोक म्हणतायत ताई उगाच घबराट पसरवतायत, राजकारण करतायत. आम्ही खरं कुणाचं धरायचं? आणि आम्ही काही करू शकतो का?
– एक वाचक (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : ताईंचं आणि प्रशासनाचं, खरं दोघांचंही असू शकतं, आणि सगळी गोची तिथेच आहे.

पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई. दूषित पाणी पोटात गेल्यावर दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे होत नाहीत, ए ला 15 ते 50 दिवस लागतात, सरासरी 28, आणि ई ला पण साधारण तेवढेच, दोन ते आठ-नऊ आठवडे. म्हणजे आज तुमच्या गल्लीत जो पेशंट आहे तो साधारण महिन्यापूर्वीच्या पाण्याचा पेशंट आहे, आणि प्रशासनाने दाखवलेला रिपोर्ट बहुतेक गेल्या आठवड्यातल्या नमुन्याचा असणार. मधल्या काळात गळती कुणी गुपचूप दुरुस्त केली असेल, किंवा ती फक्त पाणी सुटताना त्रास देत असेल आणि नमुना दुपारी घेतला असेल. त्यामुळे "नमुने पिण्यायोग्य" हे उत्तर खोटं नसेलही, पण ताईंच्या प्रश्नाचं ते उत्तर नाहीये. ताईंनी तारीख विचारायला हवी होती. कुठल्या तारखेचा नमुना, किती वाजता घेतला, टाकीवरून, जलशुद्धीकरण केंद्रातून की गल्लीच्या शेवटच्या घराच्या नळातून? टाकीवरचं पाणी चांगलंच असतं हो, त्याबद्दल भांडण नाहीच.

आता वास फक्त पहिल्या काही मिनिटांत का येतो ते बघा, कारण अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. आपल्याकडे पाणी ठराविक वेळेलाच सुटतं. बाकी वेळ लाइन रिकामी किंवा अर्धी रिकामी पडलेली असते, आत प्रेशर नसतं, आणि शेजारून ड्रेनेजची लाइन किंवा तुंबलेलं चेंबर असेल तर पाइपच्या फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटलं की सगळ्यात आधी तीच घाण तुमच्या नळाला येते. त्यात लोक लाइनला डायरेक्ट मोटर लावतात, म्हणजे वरून आणखी ओढ (हे नगरसेवकाला कुणी सांगू देत नाही, कारण मोटरवाले सगळे मतदार असतात, पण गल्लीने आपापसात बोलायला हरकत नाही).

आणि बाटलीचं म्हणाल तर मला तो प्रकार फारसा आवडत नाही. फोटो छान येतो, पण गढूळपणा आणि रोगजंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात मातीने गढूळ झालेलं पाणी नीट क्लोरिन असेल तर त्या मानाने निभावतं आणि काचेसारखं दिसणारं पाणी माणसाला आडवं करतं. शिवाय कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेला नमुना लॅब घेणारच नाही. जंतू तपासायला निर्जंतुक बाटली लागते, आत सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं म्हणजे क्लोरिन तिथेच निकामी होतं आणि नमुना घेतला त्या क्षणी पाणी जसं होतं तसंच लॅबला कळतं, मग ती बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांच्या आत पोचवायची. म्हणून नमुना तुम्ही घेऊच नका, खात्यालाच घ्यायला लावा, पण तुमच्या नळावर, पाणी सुटायच्या वेळेला, ताईंच्या आणि दोन रहिवाशांच्या समोर, जागेवर पंचनामा करून आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन.

त्याच वेळी क्लोरिन पण बघून घ्या. त्याची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट अगदी सोपी असते, पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, जितका गडद तितकं क्लोरिन जास्त. भारतीय मानक 10500 प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन उरलेलं असावं, आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू) एकही सापडता कामा नये. टाकीवर क्लोरिन आहे आणि तुमच्या टोकाच्या घरी शून्य, असं निघालं तर मधे कुठेतरी घाण ते खातेय असा संशय घ्यायला जागा आहे. नुसत्या लांब पाइपमुळे पण कमी होतं म्हणा, पण शेजारच्या गल्लीत पिवळं आणि तुमच्याकडे पांढरं असेल तर जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) खोदाई करायची जागा सापडली म्हणायचं.

आता ताईंच्या हातात काय आहे ते. नगरसेवकाला अधिकाऱ्याला हुकूम देता येत नाही, कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि मग "आमच्या नगरसेवकाने काही केलं नाही" चालू होतं. पण प्रश्न विचारायचा अधिकार आहे, प्रभाग समितीत, सर्वसाधारण सभेत, आणि तो लेखी विचारला की उत्तरही लेखी मागता येतं. नुसतं उभं राहून तावातावाने बोललं तर प्रशासन खुलासा करतं, महापौर पुढचा विषय घ्या म्हणतात आणि इतिवृत्तात एक ओळ पडते. त्यापेक्षा चार ओळींचा प्रश्न द्यावा : गेल्या दोन महिन्यांत या प्रभागातले काविळीचे पेशंट तारीख आणि गल्लीनुसार किती, त्याच काळात त्या गल्ल्यांतून नमुने कधी कधी घेतले, गळतीच्या तक्रारी किती आल्या आणि कुठल्या दुरुस्त झाल्या. ही तीन कागदं एकमेकांशेजारी ठेवली की कुणाला घबराट पसरवायची गरजच पडत नाही. आरोग्य खातं आणि पाणीपुरवठा खातं, दोघांकडे आपापली माहिती असते, पण दोघांना एका टेबलावर बसवणारा माणूस बहुतेक वेळा नगरसेवकच असतो. आणि खोदाईला बजेट नाही, टेंडर नाही असं सांगितलं तर माणसांच्या जिवाला धोका असेल तेव्हा तातडीने काम करून घ्यायची तरतूद महापालिका अधिनियमातच आहे, आयुक्त आधी काम करून मग स्थायी समितीला कळवू शकतात. ताईंनी ते पत्रात लिहूनच टाकावं.

राजकारणाबद्दल : करू देत की. निवडून आलेल्या माणसाने पाण्यावर राजकारण करायचं नाही तर कशावर करायचं, पेव्हर ब्लॉकवर? पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बारी या नसांच्या आजाराचे रुग्ण धडाधड निघाले, दूषित पाण्याचा विषय रोज पेपरात होता, आणि तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, मार्च 2022 पासून प्रशासकच होता. माजी नगरसेवक बोलत होते, पण विचारायला सभागृहच नव्हतं. त्या मानाने तुमच्याकडे विचारणारी बाई आहे.

तुमचं काम म्हणजे वही. कुणाला कधी कावीळ झाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख, पाण्याला वास आला तो दिवस आणि वेळ, तक्रार केली त्याचा नंबर. पेशंटची नावं मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका, ताईंना आकडे आणि गल्ल्या पुरतात. माहिती अधिकारातही मागता येईल, जिवाशी संबंधित माहिती 48 तासांत द्यायची असं त्या कायद्यात आहे, आपला अर्ज त्यात बसतो हे मान्य करायला अधिकारी खळखळ करतात पण अर्जात तसं स्पष्ट लिहा. आणि हे सगळं होईपर्यंत पाणी उकळून प्या, चांगली उकळी फुटू दे. घरात कुणी गरोदर असेल तर यात अजिबात हयगय नको, हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये खाली दुकानं आणि वर क्लास आहे. नगरसेवक म्हणाले फायर ऑडिट झालंय. कागद दाखवा म्हटलं तर टाळतात. मागायचा कुणाकडे?

उत्तर : आधी मालकाकडे, किंवा जो जागा वापरतोय त्याच्याकडे. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, त्याप्रमाणे यंत्रणा चालू आहे असा परवानाधारक एजन्सीचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यायचा असतो, त्याला बी फॉर्म म्हणतात. म्हणजे "ऑडिट झालंय" हे कधीतरी झालं म्हणून चालत नाही, या सहामाहीचा कागद हवा. दिला नाही तर अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करा आणि त्याची प्रत नगरसेवकांना द्या, म्हणजे त्यांनाही टाळता येणार नाही. तोवर संध्याकाळी क्लास भरलेला असताना एकदा वर जाऊन बघा, दुसरा जिना मोकळा आहे का, की त्यावर दुकानाचे खोके रचलेत आणि दाराला कुलूप आहे. असेल तर फोटो तक्रारीला जोडा.