वाचक पैसे देऊ पाहतात, घ्यावेत का?

प्रश्न : गेली चार वर्षे मी माझ्या कथा इंटरनेटवर विनामूल्य प्रसिद्ध करते. अलीकडे काही वाचक ‘तुम्हाला पैसे कसे पाठवावेत?’ असे स्वतःहून विचारतात. मला संकोच वाटतो, शिवाय पैसे घेतले तर इतरांसाठी कथा बंद कराव्या लागतील, अशी भीतीही वाटते. काय करावे?

उत्तर : संकोचाचे कारण नाही. लेखकाला वाचकांनी थेट आधार देण्याची रीत इंटरनेटहून कितीतरी जुनी आहे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने होमरच्या इलियड या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा इंग्रजी अनुवाद १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केला तो वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊनच, आणि त्या वर्गणीने त्याला धनिकांच्या आश्रयापासून मोकळे केले.

कथा बंद करण्याची मात्र गरज नाही, आणि माझ्या मते तुम्ही त्या बंद करूही नयेत. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी २००० साली एक कादंबरी हप्त्याहप्त्याने आपल्या संकेतस्थळावर दिली, तेव्हा ती उतरवून घेणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के वाचकांनी पैसे दिले तरच पुढचे भाग येतील, अशी त्यांची अट होती. सुरुवातीस बहुसंख्य वाचकांनी पैसे दिले, पुढे ते प्रमाण घसरत गेले आणि सहा हप्त्यांनंतर थांबलेली कादंबरी अपुरीच राहिली. या अटीतला दोष मला असा दिसतो, की पैसे न देणाऱ्यांची शिक्षा पैसे देणाऱ्यांनाही भोगावी लागते. आपला वाचकवर्ग कितीही जिव्हाळ्याचा असला, तरी त्यातले थोडेच लोक पैसे देतील, हे गृहीत धरावे. ते थोडे लोक वाचण्याची किंमत मोजत नसतात, तुम्ही लिहीत राहावे यासाठी देत असतात, आणि म्हणूनच कथा सर्वांसाठी खुल्या राहिल्या तरी त्यांची तक्रार नसते.

२०१३ मध्ये सुरू झालेले पॅट्रिऑन हे संकेतस्थळ याच कल्पनेवर उभे आहे : वाचक दरमहा ठरावीक रक्कम देतो. लेखकांचे लेखन ईमेलने वाचकांना पोहोचवणारी सबस्टॅक ही सेवा सशुल्क वर्गणीतून १० टक्के वाटा घेते, आणि पैसे पोहोचवणाऱ्या सेवेचे शुल्क त्याशिवाय कापले जाते. त्या शुल्काचा काही भाग प्रत्येक व्यवहारामागे ठरलेला असल्यास लहान रकमेतून प्रमाणाने अधिक पैसे जातात. अशा वेळी बारा लहान हप्त्यांऐवजी एकच वार्षिक रक्कम घेणे तुमच्या हिताचे ठरते. वाचकांचे ईमेल पत्ते, त्यांच्या संमतीने, स्वतःजवळ ठेवता येतील अशीच सेवा निवडा, म्हणजे उद्या ती बंद पडली तरी वाचकांशी असलेला संबंध तुटणार नाही.

देणाऱ्यांना जादा कथा, पत्रे, भेटवस्तू असे काही कबूल करण्याचा मोह होईल. तो आवरा. ही आश्वासने पाळण्यात लेखनाचाच वेळ जातो, हे अनेकांना उशिरा कळते. वाचक आपल्या पैशांना भेट म्हणत असले तरी बहुतेक ठिकाणी ते करपात्र उत्पन्नात धरले जातात, तेव्हा पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा.

आणखी एक गोष्ट : अनेक नियतकालिके व स्पर्धा इंटरनेटवर आलेली कथा पूर्वप्रकाशित मानतात. जी कथा तिकडे पाठवायची असेल, ती आधी खुली करू नका. उरलेल्या प्रत्येक कथेखाली दोन ओळींत, आढेवेढे न घेता, पैसे कुठे पाठवावेत ते लिहा. तुमचे वाचक तेवढेच विचारत आहेत.