कपाटातले लिबराची आणि बिलातले ४०० डॉलर

ताई,
आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. ह्यांना लिबराची या पियानोवाल्याच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका जमवायचा नाद आहे. साठेक झाल्या असतील. परवा क्रेडिट कार्डाच्या बिलात ४०० डॉलर दिसले तेव्हा कळलं, १९५४ ची सहीची प्रत मला न सांगता घेतली. विकणारा म्हणे, सही मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्याच रात्री घेतलेली. बारीक काळ्या स्केचपेनची आहे. पुढच्या वर्षी आम्ही रत्नागिरीच्या घरी कायमचे चाललोय. ही रद्दी तिकडे न्यायची, की मी गुपचूप रीसायकलिंगला टाकू? हे म्हणतात, तिकडे हॉलमध्ये फ्रेम करून लावू!
– वैतागलेली

वैतागलेल्या ताई,

रीसायकलिंगच्या डब्याकडे फिरकू नका. आज चूक त्यांची आहे. गुपचूप टाकलंत की ती तुमची होईल आणि ४०० डॉलरचा विषय कायमचा मागे पडेल.

आधी सहीचं बघू, कारण खरं भांडण तिथेच आहे. लिबराचीने २६ मे १९५४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डन गाजवलं, हे खरं. पण बारीक टोकाची फेल्ट पेनं, म्हणजे आपली स्केचपेनं, बाजारात आली १९६२ नंतर. त्याआधीचे मार्कर जाड टोकाचे, काचेच्या बाटलीचे. म्हणजे ‘त्याच रात्रीची सही’ ही गोष्ट टिकत नाही. त्यावरून सही खोटीच, असं मात्र म्हणू नका. जुनी पत्रिका घेऊन पुढे कधीतरी कुणी त्याच्यासमोर उभं राहिलं असेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पत्रिका दिव्याखाली तिरपी धरा. सही बारीक ठिपक्यांची दिसली, तर ती छापलेली. रेघा एकमेकींवरून जातात तिथे शाई दाट दिसली, तर हाताची. शाई सगळीकडे सारखी आणि कडेला जमलेली असेल, तर रबरी शिक्का. सहीशेजारी तो अनेकदा मेणबत्त्या ठेवलेला पियानो रेखाटायचा, पण नक्कल करणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. तेवढ्यावर भुलू नका. पीएसए, जेएसए अशा संस्था सही तपासून देतात, मात्र आधी त्यांची फी विचारा. शंका राहिलीच तर विकणाऱ्याची जाहिरात आणि त्याचे मेसेज जपून ठेवा आणि परताव्याची मुदत आजच बघा. ‘त्याच रात्रीची’ हे त्याने लिहून दिलं असेल, तर पैसे मागायला तेच पुरेसं आहे.

आता उरलेल्या साठांचं. या नादाला उगाच हसू नका. १९५५ ला लास व्हेगासच्या रिव्हिएरा हॉटेलने ज्याला आठवड्याला ५०,००० डॉलर मोजले, त्याच्या सेक्विनच्या कोटांचा आणि फरच्या झग्यांचा पसारा या पानांत आहे. एका शनिवारी दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून गठ्ठे लावा. ‘किती उडवलेत?’ ऐवजी ‘यातली आधीची कुठली?’ असं विचारा. भराभर सांगायला लागतील.

थिएटरच्या लॉबीत विकत मिळायची ती मोठी, गुळगुळीत कागदाची पुस्तकं ढिगाने छापली जात आणि त्यांवर बहुधा तारीख नसते. सही नसलेलं, सत्तरच्या दशकातलं असं पुस्तक साधारण १० ते २५ डॉलरला मिळतं. खुर्चीवर फुकट मिळायची ती साधी पत्रिका, जिच्यावर थिएटर, तारीख, वाजवलेल्या रचना आणि आसपासच्या हॉटेलांच्या जाहिराती असतात, ती लोक जाताना टाकून देत. म्हणून टिकलेली प्रत राखण्याजोगी. भाव बघताना ईबेवर ‘विकले गेलेले’ हाच पर्याय निवडा. मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहितो.

तारीख नसेल तर जाहिरातींतले पत्ते वाचा. ‘लॉस एंजेलिस २८’ असा शहराला चिकटलेला आकडा असेल, तर मजकूर बहुधा १९६३ च्या आधीचा. पाच आकडी झिप कोड, म्हणजे अमेरिकेचा पिनकोड, त्या वर्षी जुलैत आला. ब्रिटिश प्रतीवर किंमत शिलिंगांत असेल, तर फेब्रुवारी १९७१ च्या आधीची. लिबराचीच्या लास व्हेगासच्या संग्रहालयाचा उल्लेख असेल, तर १९७९ किंवा नंतरची.

दुहेरी प्रती एकत्र लॉट करून इथेच विका. फोटोत पाठीची घडी आणि पिना स्पष्ट दाखवा. ते पैसे याच नादाच्या वेगळ्या खात्यात टाका. यापुढे महिन्याला ठरलेली रक्कम, आणि त्यावर जायचं असेल तर घेण्याआधी सांगायचं. ही अट मऊ करू नका.

रत्नागिरीला निवडक पंधरा-वीसच न्या, त्याही हातातल्या सामानात. जहाजाच्या कंटेनरमध्ये दमट हवा थंड झाली की छताला पाणी सुटतं. गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो. तो भिजून सुकला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रासकट सोलून येतात. पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नका. मधलं पान उघडा, कागद आणि पिनेच्या पायांमध्ये पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, बोथट पातळ पात्याने पाय सरळ करा आणि पिन पाठीकडून बाहेर काढा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा. फाटलं असेल तिथे सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीच्या पिशव्या शाईला चिकटतात. पॉलिएस्टरच्या घ्या, आणि पत्रिका मोजून मगच मागवा: नेहमीच्या मासिकाच्या पिशवीत ९ × १२ इंची पुस्तक कोंबलं की कोपरे दुमडतात. मागे आम्लरहित पुठ्ठा घाला.

कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी कपाट पुरणार नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या. आत छोटा आर्द्रतामापक आणि कापडी पुरचुंडीत सिलिका जेल ठेवा, कागदाला न टेकता. काटा ५० च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर दोनेक तास तापवून, गार करून परत ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायचा मोह होईल, पण तो वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

हॉलमध्ये फ्रेम लावायला माझी हरकत नाही. फक्त आत रंगीत स्कॅनची प्रत घाला आणि अस्सल डब्यात राहू द्या. उन्हाने लाल रंग सगळ्यात आधी उडतो, आणि लिबराचीच्या कपड्यांत लाल काही कमी नसतो.