छेदात काय आहे, ते आधी विचारा

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. मोलॅरिटी आणि मोलॅलिटीची सूत्रं पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कुठलं लावायचं ते सुचत नाही. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, घनता १.८४, अशा गणितात माझी मोलॅरिटी १८.४ आली आणि मोलॅलिटी ५००. एकाच बाटलीची उत्तरं इतकी लांब कशी? शिवाय प्रॅक्टिकलला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड करायचं होतं. मी १ ग्रॅम घेऊन २५० मिली पाण्यात टाकलं, तर सरांनी ते ओतून द्यायला लावलं. बाबा द्राक्षांसाठी जीएचं (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) पीपीएम तोंडी काढतात आणि मला कागदावर जमत नाही, याचं वाईट वाटतं.
– एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका

उत्तर : तुझी दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आधी त्याबद्दल शाबासकी घे, कारण ५०० हा आकडा बघून बरीच मुलं घाबरून खाडाखोड करतात.

आता सूत्रं बाजूला ठेव आणि त्या ॲसिडचे फक्त १०० ग्रॅम डोळ्यांसमोर आण. त्यात ९८ ग्रॅम ॲसिड आणि २ ग्रॅम पाणी. रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे १ मोल. सल्फ्युरिक ॲसिडचं रेणुवस्तुमान ९८, म्हणजे आपल्याकडे बरोबर १ मोल आहे. हा १ मोल दोन्ही गणितांत अंशाच्या जागी बसतो. फरक पडतो तो छेदात. मोलॅरिटी विचारते, एकूण द्रावण किती लिटर? १०० भागिले १.८४, म्हणजे ५४.३ मिली, म्हणजेच ०.०५४३ लिटर. १ भागिले ०.०५४३ केलं की १८.४. मोलॅलिटी विचारते, नुसता द्रावक किती किलो? पाणी आहे २ ग्रॅम, म्हणजे ०.००२ किलो. १ भागिले ०.००२ बरोबर ५००. बाटलीत पाणी जवळजवळ नाहीच, म्हणून छेद इवलासा झाला आणि उत्तर फुगलं.

माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी एकच सवय लावत आले: संहतीचं, म्हणजे द्रावणात पदार्थ किती याचं, गणित दिसलं की सूत्राआधी वहीच्या समासात लिहायचं, 'छेदात काय? द्रावण की द्रावक? लिटर की किलो?' एवढं लिहिलं की मोलॅरिटी, मोलॅलिटी, टक्केवारी, पीपीएम ही चार वेगळी प्रकरणं राहत नाहीत. सौम्य द्रावणात हा फरक जाणवत नाही, कारण तिथे द्रावण म्हणजे जवळपास पाणीच असतं. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅलिटीही ०.१ च्या आसपासच येते. त्यामुळे मुलांना दोन्ही एकच वाटायला लागतात आणि तीव्र ॲसिडाचं गणित आलं की गडबड होते.

प्रॅक्टिकलचंही तेच आहे. हिशोब तुझा चोख होता: ०.१ मोलर गुणिले ०.२५ लिटर गुणिले रेणुवस्तुमान ४० बरोबर १ ग्रॅम. पण मोलर द्रावणाच्या छेदात तयार द्रावण असतं, घातलेलं पाणी नसतं. घरी एक करून बघ. अर्धा लिटर पाण्यात १७१ ग्रॅम साखर विरघळव आणि मापाच्या भांड्यात ओत. द्रावण अर्धा लिटर राहणार नाही, ६०० मिलीच्या जरा वर जाईल. साखरेचं रेणुवस्तुमान ३४२, म्हणजे तू अर्धा मोल घेतलास. मोलॅलिटी बरोबर १ आहे, पण मोलॅरिटी ०.८३ च्या आसपासच भरते. १ मोलर हवं असेल तर साखर थोड्या पाण्यात विरघळवायची आणि मग अर्ध्या लिटरच्या खुणेपर्यंतच पाणी भरायचं.

फ्लास्कच्या मानेवर ती बारीक रेघ याचसाठी असते. सोडियम हायड्रॉक्साइड बीकरमध्ये निम्म्याहून कमी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळव. ते तापतं, त्याला गार होऊ दे. कोमट असताना खुणेपर्यंत भरलंस तर गार झाल्यावर पातळी खाली उतरते. मग फनेलमधून फ्लास्कमध्ये ओत, बीकर दोन-तीनदा थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही आत घे आणि शेवटचे थेंब ड्रॉपरने सोड. डोळे रेघेच्या पातळीत हवेत. पाण्याच्या वक्र पृष्ठाचा सर्वांत खालचा भाग रेघेला टेकला की थांबायचं. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस छापलेलं असतं, तेही बघून ठेव. २० अंशांचं पाणी ४० अंशांवर गेलं की साधारण ०.६ टक्के फुगतं, तेवढी मोलॅरिटी उतरते. मोलॅलिटी वजनावर चालते, तिला उन्हाळा-हिवाळा लागत नाही.

एवढं नीट करूनही या द्रावणावर 'अचूक ०.१' असं लिहू नकोस. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तराजूवर ठेवल्या ठेवल्या ओल धरतात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतात. तो १ ग्रॅम पूर्ण १ ग्रॅम नसतोच. म्हणून ऑक्झॅलिक ॲसिडने टायट्रेशन करून त्याची खरी संहती काढतात. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक ओल धरत नाहीत, ते वजन विश्वासाचं असतं. रेणुवस्तुमान १२६ धरून २५० मिली ०.१ मोलरसाठी ३.१५ ग्रॅम घ्यायचे.

आणि बाबांसारखं जमत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांच्या शेजारी वही घेऊन बस. १ पीपीएम म्हणजे पाण्यासारख्या सौम्य द्रावणात लिटरला १ मिलिग्रॅम. १०० लिटरला १ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम. जीए पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवतात. समज, २ ग्रॅम जीएचं १ लिटर मूळ द्रावण केलं, तर ते २००० पीपीएम झालं. १०० लिटर टाकीत १० पीपीएम हवं असेल तर त्यातलं किती घ्यायचं? १० गुणिले १०० बरोबर १०००. त्याला २००० ने भाग, अर्धा लिटर. हेच तुझ्या पुस्तकातलं एम१व्ही१ = एम२व्ही२ (एम म्हणजे संहती, व्ही म्हणजे आकारमान). मूळ द्रावणातून जेवढा पदार्थ काढला, तेवढाच टाकीत गेला. पाणी वाढलं, पदार्थ वाढला नाही. पाकिटावर शुद्धता ९० टक्के छापलेली असेल तर २ ग्रॅमऐवजी २.२२ ग्रॅम लागतील. हा भाग बाबांना तू सांग.

एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळ. सल्फ्युरिक ॲसिड सौम्य करताना ॲसिड पाण्यात घालायचं, थोडं थोडं, ढवळत. ॲसिडात पाणी कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं.

प्रश्न : मी गावात जलसुरक्षक आहे. टाकी ५० हजार लिटरची. १००० लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने १२५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. तरी शेवटच्या घरांत ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का, ते बघायची चाचणी) पिवळा रंग येत नाही. लोक मला बोलतात.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही माप धरून काम करता आणि शेवटच्या नळापर्यंत जाऊन तपासता, याबद्दल मनापासून आभार. तुमचा हिशोब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीसाठी बरोबर आहे. १२५ ग्रॅममध्ये साधारण ४१ ग्रॅम क्लोरीन, भागिले ५० हजार लिटर, म्हणजे लिटरला ०.८ मिलिग्रॅम. यातला काही पाण्यातली घाण मारण्यात खर्च होतो, आणि नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा.

पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरीन उडून जातो आणि चुना मागे राहतो. पावडर दिसायला तशीच पांढरी असते. ती २० टक्क्यांवर आली असेल तर त्याच १२५ ग्रॅममधून २५ ग्रॅमच क्लोरीन मिळतो, लिटरला अर्धा मिलिग्रॅम. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तेवढा वाटेतच संपतो. म्हणून पावडरीचा नमुना तपासायला द्या. २० टक्के निघाली तर तेवढ्याच क्लोरीनसाठी सुमारे २०६ ग्रॅम लागतील. अंदाजाने मूठभर वाढवू नका.

टाकीत किती पाणी आहे तेही रोज बघा. छेदात टाकीची क्षमता येत नाही, त्या वेळी आत असलेलं पाणी येतं. पावडर कोरडी टाकू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत सोडा आणि पाणी सोडण्याआधी अर्धा तास जाऊ द्या.

प्रश्न : सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असतं, ते १०० ग्रॅममध्ये की १०० मिलीमध्ये?
– एक वाचक, पुणे

उत्तर : १०० मिली द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ. लेबलवर टक्क्यांपुढे 'डब्ल्यू/व्ही' लिहिलेलं असतं, म्हणजे वर वजन, खाली आकारमान. ५०० मिलीच्या बाटलीत ४.५ ग्रॅम आलं. लिटरला ९ ग्रॅम, त्याला ५८.५ ने भागलं की ०.१५४ मोलर. त्याच लेबलवर सोडियम १५४ आणि क्लोराइड १५४ असे (लिटरला मिलिमोलमधले, म्हणजे मोलच्या हजाराव्या भागातले) आकडे दिसतील, ते या भागाकारातूनच आलेले आहेत.