स्कॉटलंड वेगळं झालं तर? एका टॉवेलवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न असा, की युरोपीय संघ सोडूनही ब्रिटनला शून्य जकातीचा करार मिळाला, मग नुकसान कसलं? आणि उद्या स्कॉटलंड स्वतंत्र होऊन संघात परत गेलं, तर तुमच्या ग्लासगोच्या ग्राहकाचं काय? मी सोलापुरातून टेरी टॉवेल बाहेर पाठवतो, तेव्हा टॉवेलावरूनच सांगतो.

शून्य जकात खरी आहे, पण ती ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. आपला टॉवेल विणला जातो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. २०२० संपेपर्यंत तो इंग्लंडच्या बंदरात उतरला, एकदा ड्यूटी भरली, की तिथला व्यापारी डब्लिनला धाडो नाहीतर पॅरिसला, कुणी विचारत नव्हतं. १ जानेवारी २०२१ पासून तोच गठ्ठा डब्लिनला निघाला की मूळ देश भारत, भरा पुन्हा ड्यूटी! बाँडेड गोदामात (जिथे ड्यूटी न भरता माल ठेवता येतो) ठेवला तर दुहेरी ड्यूटी टळते, पण छोट्या व्यापाऱ्याला ते झेपत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकानं मग निम्मा माल थेट संघातल्याच रॉटरडॅम बंदरात मागवला, आणि हे सांगितलं कधी, तर पॅकिंग झाल्यावर. एका भरल्या कंटेनरचे दोन अर्धवट झाले, लेबलं पुन्हा छापली, भाडं नगामागे वाढलं ते वेगळंच.

जकात नाक्यावर ट्रक अडकलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. पैशापेक्षा रात्र जायची त्याचा त्रास जास्त.

आता स्कॉटलंड. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्क्यांनी स्वातंत्र्य नाकारलं, २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानात तिथल्याच ६२ टक्क्यांनी संघात राहायचा कौल दिला. पेच इथेच आहे. ते बाहेर जो माल आणि सेवा विकतात, त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा उरलेल्या ब्रिटनमध्येच खपतो. संघात गेले की नाका इंग्लंडच्या हद्दीवर येणार. शिवाय पौंड ठेवायचा की नवं चलन काढायचं, हेही आहेच.

आयर्लंडकडे बघा. १९२२ ला स्वतंत्र झाला, पण नव्वद टक्क्यांवर निर्यात ब्रिटनलाच जायची. आयरिश शेतकऱ्यांनी जमीन विकत घ्यायला काढलेल्या कर्जाचे हप्ते ब्रिटनला जायचे, त्यावरून १९३२ ला भांडण लागलं, ब्रिटननं त्यांच्या गुरांवर जकात बसवली आणि १९३८ पर्यंत शेतकरी भरडला गेला. चलन १९७९ पर्यंत पौंडाशीच बांधलेलं. १९७३ ला युरोपीय समूहात, म्हणजे आजच्या संघाच्या आधीच्या रूपात, शिरल्यावर कुठे हळूहळू दुसरी गिऱ्हाइकं वाढली. म्हणजे एका मोठ्या बाजारावरचं अवलंबन सुटलं ते दुसऱ्या मोठ्या बाजारात जाऊन.

म्हणून स्वातंत्र्य मागू नये असं मी म्हणणार नाही. चार हुतात्म्यांच्या गावचा माणूस तसं म्हणेल कसा? १९३० साली मार्शल लॉ सोसलेलं हे शहर. तेव्हा कुणी आधी जमाखर्च मांडला नव्हता. पण सत्तेची सीमा आणि मालाची सीमा एकाच दिवशी आखायची सक्ती नसते. चेक आणि स्लोव्हाक १९९३ ला वेगळे झाले, चलन महिना-सव्वा महिन्यात तुटलं, पण जकात संघ, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्यांना एकच जकात, हा त्यांनी टिकवला.

तुम्ही एवढंच करा: ग्लासगोवाल्याला आजच विचारा, माल शेवटी विकला कुठे जातो. आयर्लंड म्हणाला तर त्याचा इन्व्हॉइस वेगळा काढा.