वाचकांचे प्रश्न : थायरॉईड अचानक वाढतो तेव्हा

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे आहे. सहा वर्षांपूर्वी हाशिमोटो थायरॉयडायटिसचे निदान झाले आणि तेव्हापासून मी थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते. गेल्या महिन्याभरात मात्र छातीत धडधड होते, हात थरथरतात, झोप लागत नाही आणि वजनही चार किलोंनी उतरले आहे. तपासणीत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे, मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन; थायरॉईड वाढला की ते घटते) फक्त ०.०२ आले. थायरॉईड कमी असलेल्या माणसाचा थायरॉईड वाढतो कसा? माझ्या जाऊबाईंना असाच त्रास झाला तेव्हा कार्बिमाझोल दिले होते, म्हणून घरातील मंडळी मलाही तीच गोळी सुरू करण्यास सांगत आहेत. – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : सर्वप्रथम, जाऊबाईंची गोळी कृपया सुरू करू नका. त्यांचा आणि आपला त्रास वरून सारखा दिसला तरी आतील कारण वेगळे असू शकते, आणि या आजारात उपचार ठरतो तो कारणावरून, लक्षणांवरून नव्हे.

आपल्या बाबतीत तीन शक्यता तपासाव्या लागतील. पहिली आणि सर्वांत साधी शक्यता अशी की, थायरॉक्सिनची मात्रा आता आपल्याला जास्त होत आहे. वजन उतरले, गोळीचा ब्रँड बदलला किंवा गोळीचे शोषण अडवणारे कॅल्शियम वा लोहाचे औषध बंद झाले, की पूर्वी योग्य असलेली मात्रा जड पडू शकते. दुसरी शक्यता हाशिमोटोच्या स्वभावातच आहे. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते. हल्ला तीव्र असला की, गोदामाची भिंत कोसळून आतला माल रस्त्यावर यावा, तसे ग्रंथीत साठवलेले हार्मोन एकाएकी रक्तात उतरते. याला हाशिटॉक्सिकोसिस म्हणतात. हा प्रकार आजाराच्या सुरुवातीच्या काळात अधिक आढळतो, काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि साठा संपला की आपोआप ओसरतो. तिसरी शक्यता ग्रेव्हज आजाराची. त्यात ग्रंथी फुटत नाही, तर थायरॉईडच्या पेशींवर टीएसएच ज्या जागी चिकटते त्या जागेवर (ग्राहीवर) जाऊन बसणारी प्रतिपिंडे तिला अखंड नवे हार्मोन बनवायला लावतात. हाशिमोटोच्या काही रुग्णांत कालांतराने अशी प्रतिपिंडे तयार होतात आणि वर्षानुवर्षे थायरॉक्सिन घेणारी व्यक्ती ग्रेव्हजची रुग्ण होते. हे क्वचित घडते, पण घडते.

कार्बिमाझोल नव्या हार्मोनची निर्मिती थांबवते. आधीच तयार असलेले हार्मोन सांडत असेल, किंवा ते गोळीवाटे बाहेरून येत असेल, तर या औषधाचा काडीचाही उपयोग नाही. त्याचे दुष्परिणाम मात्र पदरी पडतील. म्हणून टीएसएचच्या जोडीने फ्री टी-४ (म्हणजे रक्तातील मोकळे थायरॉक्सिन) आणि टी-३ ही थायरॉईडची हार्मोन्स मोजून घ्या आणि ट्रॅब या नावाने होणारी ग्रेव्हजच्या प्रतिपिंडांची तपासणी अवश्य करा. ती स्पष्टपणे पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्हज मानावा लागेल. अनेक ठिकाणी लगेच टेक्निशियम स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी द्रव्य देऊन ग्रंथी ते किती शोषते हे दाखवणारे चित्र, सुचवला जातो. आपल्यासारख्या थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाला त्यावरून ग्रेव्हज ओळखता येतो, पण मात्रा जास्त झाली आहे की ग्रंथी फुटली आहे हा भेद कळत नाही, कारण दोन्हींत स्कॅन फिकाच येतो. म्हणून रक्ततपासणी आधी करावी, असे माझे मत आहे.

थायरॉक्सिन किती कमी करायचे की काही काळ पूर्ण थांबवायचे, हे आपले डॉक्टर अहवाल पाहून सांगतील. त्यानंतर धीर धरावा लागतो. टी-४ चे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे गोळी थांबवूनही धडधड आणखी दोन-तीन आठवडे रेंगाळू शकते. त्या काळात प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर औषध नाडी आणि कंप दोन्ही आवरते. दमा असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा रुग्णांना प्रोप्रानोलॉल देत नाहीत. आपल्या पत्रात नसलेली एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो. या काळात चिडचिड होते, क्षुल्लक कारणाने रडू येते, वर्गातील गोंगाट असह्य वाटतो. हा स्वभावदोष नसून वाढलेल्या हार्मोनचा परिणाम आहे, हे घरच्यांना बसवून सांगा. निदान हाशिटॉक्सिकोसिसचे निघाले तर पुढे काही महिन्यांत पारडे उलट फिरते आणि थायरॉक्सिन पुन्हा लागते. म्हणून बरे वाटू लागल्यावरही दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी चालू ठेवावी.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे आणि माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. ग्रेव्हज आजारासाठी १८ महिने कार्बिमाझोल घेतले आणि डॉक्टरांनी ते बंद केल्यावर पाच महिन्यांत आजार उलटला. नागपूरच्या उन्हात जीव नकोसा होतो. मध्यंतरी एका लग्नात भरपेट जेवून आलो आणि पहाटे उठताना दोन्ही पाय उचलेनात. दुपारपर्यंत आपोआप ठीक झाले. आता डॉक्टर रेडिओआयोडीन (थायरॉईडच्या पेशी नष्ट करणारे किरणोत्सर्गी आयोडीन) घ्या म्हणतात, पण किरणोत्सर्गाची भीती वाटते. मी रोज चार-पाच सिगारेट ओढतो. – एक वाचक, नागपूर

उत्तर : पाय न उचलण्याचा प्रसंग आपण ओघात लिहिला आहे, पण आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट मला तीच वाटते. थायरॉईड वाढलेला असताना रक्तातील पोटॅशियम एकाएकी पेशींमध्ये शिरून स्नायू लुळे पडण्याचा एक विकार आहे, आणि तो आपल्यासारख्या आशियाई वंशाच्या तरुण पुरुषांत विशेषकरून आढळतो. गोडाधोडाचे किंवा भाताचे भरपेट जेवण, अथवा कष्टाच्या कामानंतरची विश्रांती हे त्याचे नेहमीचे निमित्त असते आणि झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे असे पुन्हा झाले तर दुपारची वाट न पाहता रुग्णालयात जा, आणि तेथे थायरॉईडचा आजार असल्याचे सर्वांत आधी सांगा. पोटॅशियमची औषधे घरी स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण झटका ओसरताना तेच पोटॅशियम पेशींतून परत रक्तात येते आणि त्याची पातळी धोकादायकरीत्या चढते. थायरॉईड पूर्ण आटोक्यात येईपर्यंत रात्रीचे जेवण हलके ठेवा आणि मद्य टाळा. हा झटका आपल्या डॉक्टरांना ठाऊक नसेल तर आजच सांगा.

औषध बंद केल्यावर ग्रेव्हज उलटणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत तसे होते. त्यात आपले काही चुकले असे समजू नका. परंतु लुळेपणाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णात आजार वारंवार उलटू देणे योग्य नाही, म्हणून कायमच्या उपायाचा आपल्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. ग्रेव्हजच्या रुग्णाला रेडिओआयोडीन पहिल्यांदा १९४१ साली बोस्टन येथे दिले गेले आणि तेव्हापासून जगभर हा उपचार चालू आहे. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. औषध तोंडावाटे घ्यायचे असते आणि थायरॉईडच ते प्रामुख्याने शोषून घेते. त्यानंतर काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवावे लागते आणि अपत्याचा विचार काही महिने पुढे ढकलावा लागतो. परिणाम दिसण्यास आठवडे ते महिने लागतात आणि पुढे बहुतेकांना जन्मभर थायरॉक्सिन घ्यावे लागते. हे आधीच नीट समजून घ्या, म्हणजे नंतर फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही.

सिगारेट मात्र आजच सोडा. ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर येणे, खुपणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे असा नेत्रविकार होतो. धूम्रपानाने तो बळावतो आणि रेडिओआयोडीननंतर बिघडण्याची शक्यताही धूम्रपान करणाऱ्यांत अधिक असते. उपचारापूर्वी डोळे तपासून घ्या.

तोपर्यंतचे दिवस काढायचे आहेत. कार्बिमाझोल पुन्हा सुरू झाले तरी त्याचा पूर्ण गुण यायला तीन ते सहा आठवडे लागतात. उन्हाच्या वेळी दुकानात थांबणे भाग असेल तर पाणी आणि ताक जवळ ठेवा. चहा-कॉफीने कंप वाढतो, म्हणून चहा-कॉफी कमी करा. व्यायामशाळा सध्या बंदच ठेवा. टी-४ नॉर्मल आल्यानंतरही टीएसएच कित्येक आठवडे दबलेले राहते. केवळ तो आकडा पाहून गोळी वाढवू नका. कार्बिमाझोल चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्या. या पेशी अचानक घटणे हा औषधाचा दुर्मीळ, पण जीवघेणा दुष्परिणाम आहे. खूप ताप, अतिशय जलद नाडी, उलट्या-जुलाब आणि असंबद्ध बोलणे ही लक्षणे एकत्र दिसली तर तो थायरॉईड स्टॉर्म, म्हणजे वाढलेल्या थायरॉईडचा जीवघेणा उद्रेक, असू शकतो. अशा वेळी घरी एक रात्रही काढू नये.

प्रश्न : माझ्या मुलीला ग्रेव्हज आहे. आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधव वापरावे का? कोबी-फ्लॉवर चालेल का? अशक्तपणासाठी अश्वगंधा आणि केसगळतीसाठी बायोटिन (ब गटातील एक जीवनसत्त्व) देत आहे. – एक आई, ठाणे

उत्तर : नेहमीचे मीठ चालू ठेवा, स्वयंपाकाच्या प्रमाणात त्यातील आयोडीनने बिघाड होत नाही. समुद्रशैवालाच्या गोळ्या आणि आयोडीनची पूरके मात्र टाळावीत. एखाद्या सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त औषध टोचणार असतील, तर मुलीचा आजार तेथील डॉक्टरांना आधी सांगा. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खाऊ द्या. त्याने आजार वाढतही नाही आणि बराही होत नाही.

अश्वगंधा मात्र थांबवा. तिने थायरॉईड हार्मोन वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि ज्या मुलीचे हार्मोन आधीच जास्त आहे तिला ती देण्यात धोका आहे. वनस्पतीजन्य म्हणून निरुपद्रवी, ही समजूत या आजारात महागात पडू शकते. बायोटिनचा प्रश्न वेगळा आहे. त्याने आजार वाढत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या तपासणीत टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते, कधी ट्रॅबही चुकीने पॉझिटिव्ह येते, आणि त्यावरून औषधाची मात्रा विनाकारण वाढवली जाते. केसांसाठीच्या गोळ्यांत ते बरेचदा मोठ्या मात्रेत असते. तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस, आणि मात्रा खूप मोठी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून अधिक दिवस ते बंद ठेवा. मागील तपासणी बायोटिन चालू असतानाच झाली असेल, तर ती पुन्हा करून घ्या आणि नवा अहवाल येईपर्यंत तिचे कार्बिमाझोल स्वतःहून कमी-जास्त करू नका.